घरची माती

साकोलीला भाचीकडे निघाले होते. लाखनीवरून आता पूल गेलाय. खाली एक गाव आहे हे वरून जाणाऱ्याला कळतही नाही. पण ड्रायव्हरला चहाची तलफ आली आणि त्याने गाडी खालच्या रस्त्याला घेतली. टपरीसमोरच आमचं वसतिगृह. म्हणजे होतं. आता तिथे फरशा, सिंक आणि संडासची भांडी विकतात. दुकानदार भला माणूस. काय दाखवू ताई, म्हणाला. मी म्हटलं, भिंत दाखवा. त्याला वाटलं, भिंतीच्या फरशा. मग मीच रचलेल्या खोक्यांमागे शिरले. भिंतीवर डिस्टेंपरचे तीन-चार हात बसलेत, पण ऑइलपेंटची अक्षरं सहजासहजी मरत नाहीत. बोटांनी चाचपत गेले तर अकरावा नियम हाताला लागला: मोठ्याने हसू नये.

मला हसू आलं, आणि मी मोठ्याने हसले नाही. घ्या. साठी उलटली बाई, तरी.

कोंढ्याहून बाबांनी मला इथे आणून सोडलं तेव्हा मी आठवीत होते. पत्र्याची पेटी, वळकटी, आणि माझ्या मायनं दिलेला वाळल्या मोहफुलांचा डबा. त्या वर्षी नियम सातच होते आणि ते भिंतीवर नव्हते. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या अधीक्षिका, सांजच्या प्रार्थनेनंतर ते तोंडी सांगायच्या. वेळेवर उठा, पाणी सांडू नका, असले. कोणत्या घरात नसतात? खोल्यांना फिनेलचा, खोबरेल तेलाचा आणि लुचईच्या भाताच्या पेजेचा मिळून एक वास होता. रात्रंदिवस रायपूरकडचे ट्रक जायचे आणि खिडकीतून डिझेलचा धूर आत यायचा. आम्हाला तो आवडायचा. खेड्यातल्या पोरी आम्ही. जग कुठेतरी चाललंय आणि आपल्या खिडकीखालून चाललंय, याची केवढी मिजास होती.

सानगडीची सयत्रा माझ्या शेजारच्या खाटेवर. हजेरीपटात तिचं नाव सावित्री. अंगाने काटकुळी, पण हसायला लागली की खाटेची दोरी करकरायची. आंघोळ करताना धानाच्या रोवणीची गाणी म्हणायची. एकीने न्हाणीत सुरू केलं की रांगेत बादल्या घेऊन उभ्या असलेल्या आम्ही पुढची ओळ उचलायचो, पायांनी ओल्या फरशीवर चिखल तुडवल्यासारखा ताल धरायचो. तिच्या मायनं शिकवलेली गाणी होती ती. ह्या पोरीला दर दोन वाक्यांत माय लागायची. माय अशी म्हणते, माय लाखोळीच्या डाळीचे वडे असे करते, माय धानाच्या बांधीत उतरली की सगळ्या बाया तिच्या मागं म्हणतात. आमच्या मायांना जसं काही शेपूट होतं.

मोठ्या बाई पुण्याकडच्या. नेमक्या कुठल्या ते माहीत नव्हतं. वैनगंगेपलीकडून येऊन जे शुद्ध बोलत ते सगळे आमच्या लेखी पुण्याकडचेच. बाई वाईट नव्हत्या, हे लिहून ठेवते, नाहीतर वाचणाऱ्याला सोपं जाईल. मला हिवताप झाला तेव्हा त्या रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवत बसल्या होत्या. त्यांचं आमच्यावर प्रेम होतं. आम्हाला सुधारून दाखवायचं होतं त्यांना.

मग आणीबाणी आली. आमच्या लाखनीत ती आली म्हणजे काय, तर एस.टी. वेळेवर सुटू लागली आणि भिंतीभिंतींवर शिस्तीची वाक्यं उमटली. बाईंना फार आनंद झाला. देश सुधारतोय मुलींनो, म्हणाल्या, आपण मागे राहायचं नाही. आणि पेंटर बोलावला. काळ्या पट्ट्यावर पांढरी अक्षरं. सातांचे चौदा झाले, दोन महिन्यांत एकवीस, आणि खाली जागा सोडलेली होती.

आंघोळ करताना गाऊ नये. घरचं खाणं आणू नये. माझा मोहफुलांचा डबा बाईंनी नाक धरून उकिरड्यावर ओतला आणि दुपारभर आमच्या अंगणाला चैतातल्या रानाचा वास सुटला होता. वेणीला काळीच रिबन. चिंच बाळगू नये. दोघींनी एका खाटेवर बसू नये. "मले, तुले" बोलू नये. बोलेल तिने दिवसभर मौन पाळावं. हजेरीतल्या नावानेच हाक मारावी, म्हणजे सयत्रा मेली आणि सावित्री उरली. खिडक्यांच्या काचांना आतून पांढरा रंग फासला, ट्रकवाल्यांची नजर नको म्हणून. दिवसाढवळ्या आम्ही दुधाच्या पातेल्यात बसल्यागत पांढऱ्या उजेडात बसून अभ्यास करू लागलो.

गंमत सांगू? सवय झाली. पहिल्या आठवड्यात रडलो, दुसऱ्यात कुरकुरलो, तिसऱ्यात एकमेकींच्या चहाड्या करू लागलो. न्हाणीघर गप्प झालं. पाण्याचा तेवढा आवाज. माणूस किती लवकर गप्प होतं हे मी पंधराव्या वर्षी पाहिलंय, मला त्यावर कोणी व्याख्यान देऊ नये.

आणि मला तर बढती मिळाली. टपाल प्रमुख. येणारी प्रत्येक चिठ्ठी फाटकावरून घ्यायची, बाईंच्या खोलीत नेऊन त्यांना वाचून दाखवायची. बाई म्हणतील तर ती पोरीला द्यायची, नाहीतर त्यांच्या खणात जायची. त्याबद्दल मला रविवारी बाजारात जायची मुभा होती. एकटीनं. बाकीच्या पांढऱ्या काचांआड बसलेल्या असताना मी रस्त्यावरून चालायचे, मिरची-हळदीच्या ढिगांतून हिंडायचे. ते चालणं किती गोड लागायचं, सांगता येत नाही. सगळ्यांना मिळालं असतं तर इतकं गोड लागलं नसतं.

सयत्रा मला "चमची" म्हणायची. सगळ्यांदेखत. दसऱ्याच्या आधल्या दिवशी तिनं माझी नक्कल केली, कमरेवर हात, मान वाकडी, "बाई, चिठ्ठी आली बाई," आणि साऱ्या पोरी तोंडावर हात दाबून हसल्या. मी पाहिलं होतं दारातून. मला राग आला होता. फार राग आला होता.

त्यानंतर चार दिवसांनी, सकाळी, सानगडीहून एक माणूस सायकल हाणत आला. तिच्या गावचा, शेजारी. पांढरी टोपी घामानं भिजलेली, पोटऱ्यांपर्यंत धूळ. मंजूर पाहुण्यांच्या यादीत नसलेल्या पुरुषाला फाटकाच्या आत घ्यायचं नाही, हा बाविसावा नियम. म्हणून तो बाहेर करंजीच्या झाडाखाली थांबला आणि मी गजांतून चिठ्ठी घेतली. चिठ्ठीचा वरचा कोपरा फाडलेला होता.

आमच्याकडे वाईट बातमीच्या चिठ्ठीचा कोपरा फाडून धाडायचे. अक्षर वाचायच्या आधी हाताला समजावं म्हणून. माझ्या हाताला समजलं. त्या माणसानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि आवाज खाली करून म्हणाला, "तुमच्या बाईले दे. पोरीले काई सांगू नोको. वाटेनं मी सांगीन तिले हळूहळू."

बाई चहा पीत होत्या. वाच, म्हणाल्या. मी वाचलं: आज दुपारी घरची माती आहे, सयत्राले या माणसासंग धाडून द्या. खाली तिच्या बापाचं नाव. एवढंच. मेलेल्याचं नाव पोरीच्या चिठ्ठीत कोणी लिहीत नाही आमच्याकडे, मरण असं उघडं कागदावर ठेवत नाहीत. माती म्हणजे माती. मातीले जायचं, माती दिली, माती उरकली. अख्ख्या जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेला शब्द.

बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "दसरा झाला की यांचं सुरू. भिंतींना माती लावायला शाळेतल्या मुली हव्यात. आणि कागद तरी धड घ्यावा माणसाने, हा काय फाटका तुकडा!" त्यांचं अगदीच चुकलं असंही नाही. पाऊस सरला की आमच्या गावांतून घराघराला माती चढते, पोपडे धरलेल्या भिंती लिपून दिवाळीला कोऱ्या करतात, ओल्या मातीचा नि शेणाचा वास गल्लीभर असतो, आणि त्या कामाला पोरींना खरंच बोलावणी यायची. त्यासाठीच तर नियम केला होता त्यांनी.

"सत्तावीस काय आहे गं?" बाईंनी विचारलं.

मला पाठ होते सगळे. "शेतकाम, घरकाम, सारवण, लिपण यांसाठी रजा मिळणार नाही."

"मग?"

विचारल्याशिवाय बोलू नये, असाही एक नियम होता. पण मला विचारलं होतं. मग, असं स्पष्ट विचारलं होतं. कप खाली ठेवून त्या माझ्याकडे बघत होत्या. एक वाक्य बोलायचं होतं, बाई, माती म्हणजे मयत. एवढंच. आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभी राहिले. भीती वाटली, खरंय. पोस्टमननं पोस्टमनकी करावी, अर्थ सांगू नयेत, असं त्या मला आधी एकदा खडसावून बोलल्या होत्या. रविवार जाईल असंही वाटलं. पण खोटं कशाला बोलू, नुसती भीती नव्हती. चमची म्हणते काय मला, असं आत कुठेतरी थंडगार वाटलं. सुखाचं वाटलं.

"नाही मिळणार, बाई," मी म्हणाले.

फाटकाशी येऊन त्या माणसाला तसंच सांगितलं. त्याला आधी ऐकूच आलं नाही. "माती म्हटलं न तिले?" मी म्हटलं, म्हटलं. "मंग?" मी म्हटलं, नियम आहे. तो गजांना धरून उभा राहिला. "नेम? मातीले कायचा नेम?" मी आत वळले. ऊन डोक्यावर येईपर्यंत तो करंजीखाली बसला होता, कोणीतरी बाहेर येईल म्हणून. मग उठला, टोपीनं तोंड पुसलं आणि सायकलीवर टांग टाकली.

सयत्रा आत शिवणाच्या तासाला होती. काच पांढरी, तिला काही दिसलं नाही. पण कुत्री भुंकलेली ऐकली असेल. जेवणाच्या रांगेत हळूच विचारलं, कोण आलं होतं? मी म्हटलं, कोणी नाही. त्या दिवशी भोपळ्याची भाजी होती. तिनं दोनदा घेतली. दिवाळीला मायसाठी न्यायचा म्हणून रुमालावर मोर काढत होती, त्याचं शेपूट आज पुरं झालं म्हणाली. मी म्हटलं, छान.

तिच्या घरून पुन्हा कोणी आलं नाही; इथं मातीलाही सोडत नाहीत, हे गावाला समजलं होतं. त्यानंतरचे दिवस मी तिच्या शेजारच्या खाटेवर झोपत होते. कसे झोपले? झोपले. रोज म्हणायचे, आज सांगते. सांगितलं तर, का नाही सांगितलंस, हा प्रश्न येणार होता, आणि दर दिवसागणिक तो मोठा होत होता. दिवाळीच्या सुटीला ती एस.टी.त बसली तेव्हा तिनं खिडकीतून हात बाहेर काढला आणि फाटकाबाहेर पडल्यामुळे मोठ्यानं, अगदी दात दाखवून हसली. गाडी साकोलीच्या रस्त्याला लागली. ते तिचं हसणं ऐकणारी शेवटची मी.

सुटी संपून ती परत आली. पेटी खाटेखाली सरकवली आणि कोणी न विचारता सांगितलं, एका दमात, शुद्ध भाषेत. आईला ताप आला होता. दोन दिवसांत गेली. दिवस मावळेपर्यंत तिला अंगणात ठेवलं होतं, बाबा रस्त्याकडे बघत होते. सायकल दिसली. सायकलीवर एकच माणूस होता. मग उचललं.

मोठ्या बाईंना कळलं तेव्हा त्या पांढऱ्याफटक पडल्या. प्रार्थनेत सगळ्यांना दोन मिनिटं उभं केलं, डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं, आता काहीतरी तुटेल. आठवड्याभरात पेंटर आला. भिंतीवर बेचाळिसावा नियम चढला: दुःखद वार्तेची चिठ्ठी शुद्ध मराठीत व मृत व्यक्तीच्या नावासह असावी. बाईंना खरोखर वाटलं की झालं ते पुन्हा होऊ नये याची आपण व्यवस्था केली. मला चिठ्ठीबद्दल त्यांनी एक शब्दही विचारला नाही. माझा रविवार शाबूत राहिला.

सयत्रानं मात्र विचारलं. न्हाणीत, बादली भरता भरता. चिठ्ठी तू वाचलीस का? मी म्हटलं, वाचली गं, पण माझं ध्यान नव्हतं, मला नाही समजलं. तिनं नळ बंद केला. माझ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाली. आणि बादली उचलून गेली.

त्यानंतर दीड वर्ष तिच्यासारखी शिस्तीची मुलगी वसतिगृहात नव्हती. एकही नियम मोडला नाही. हसणं नाही, गाणं नाही, चिंच नाही, "मले" नाही. बाई नव्या पोरींना तिचं उदाहरण द्यायच्या, हिच्याकडे बघा. मधेच आणीबाणी उठली, बाहेर फटाके फुटले, पण आमच्या भिंतीवरचं एक अक्षर पुसलं गेलं नाही; त्यातच सोय वाटायला लागली होती सगळ्यांना. काचांचा रंगही तसाच. दहावी झाल्यावर आम्ही पांगलो.

दुकानदारानं माझ्यासाठी स्टूल आणून ठेवलं, बसा म्हणाला, तुम्ही इथं शिकत होत्या का? मी हो म्हटलं. चांगले संस्कार होते म्हणतात तेव्हा, तो म्हणाला. मी त्यावरही हो म्हटलं. कुठे वाद घालत बसू?

सयत्रा लग्न होऊन आली ती कोंढ्यालाच. आमच्या घरामागच्या घरात. दैवाला दुसरं गाव मिळालं नाही. मी तोवर नागपूरला शिक्षिका झाले होते, सणासुदीला यायचे, तेव्हा ती कुंपणापलीकडून, बरी आहेस का, इतकं विचारायची आणि कामाला लागायची. माय आधीच गेली होती माझी, बाबा एकटे. त्यांना तिचा मोठा लळा. आपल्या पोरीची मैत्रीण म्हणजे लेकच, म्हणायचे. तिनं आणून दिलेली आंबील पीत ओट्यावर बसायचे. तिला ते काय बोलायचे, मी कधी विचारलं नाही.

ते गेले तेव्हा चैत सरत आला होता. तार सकाळी मिळाली. भिवापूरच्या अलीकडे एस.टी. पंक्चर, पवनीत कोंढ्याची गाडी निघून गेलेली. एका ओळखीच्याच्या सायकलीवर मागे बसून आले. दिवस तळ्याकाठच्या झाडांना टेकला होता. वाटेत सगळा वेळ एकच हिशेब करत होते: दिवस मावळल्यावर माती देत नाहीत, म्हणजे ते थांबणार नाहीत, म्हणजे मला बाबांचं तोंड दिसणार नाही. आणि बरोबर आहे, असंही वाटत होतं. हेच व्हायला पाहिजे.

गल्लीत शिरले तर अंगण माणसांनी भरलेलं आणि तिरडी जागेवर. तिरडीशेजारी, जमिनीवर, सयत्रा बसली होती. एक हात बांबूवर. बायांनी मला मागून सांगितलं, दुपारपासून अशीच बसून आहे, उचलू देत नाही. गावचे म्हातारे संतापले होते, दिवस गेला तर पाप लागेल, रीत आहे, नेम आहे म्हणून. तर ही सून माणूस, डोईवरचा पदर न सावरता त्यांना म्हणाली होती, नेम मले नोका सांगू, लेक येल तवाच उचला.

तिनं बाबांच्या तोंडावरचं कापड बाजूला केलं. मला जागा करून दिली. मी पाहिलं. दाढीचे पांढरे खुंट, कपाळाला बुक्का, उघडी राहिलेली एक पापणी. कोणी घाई केली नाही. मी पोटभर पाहिलं आणि मग मला ते सोसेना. तिचा हात धरला. अकरा वर्षांत पहिल्यांदा आमची बोली माझ्या तोंडातून आली.

"सयत्रा, मले समजलं होतं वो. त्या दिवशी. माती म्हंजे काय ते मले समजलं होतं."

तिनं हात सोडवून घेतला नाही. रागावलीही नाही. शिळी गोष्ट सांगतात तसं म्हणाली, "मले तवाच मालूम होतं. कोंढ्याच्या पोरीले माती समजत नाई का?"

"मंग काहून थांबवलं माह्यासाठी?"

"तुह्यासाठी?" तिनं माझ्या बाबांच्या तोंडावर कापड घातलं, कडा नीट केल्या. "माह्या मायले रस्त्याकडे पाहात ठेवून तशीच उचलली त्याईनं. ह्या म्हाताऱ्यानं मले लेक म्हटलं. त्याले तसं धाडावं नोहोतं वाटत. तुह्यासाठी नाई."

मग ती उठली, पदर डोक्यावर घेतला आणि ओट्याशी खोळंबलेल्या पुरुषांकडे वळून म्हणाली, "उचला."